स्पेनचा रिमोट वर्क व्हिसा : आरोग्य विम्याचा दाखला परत आला, मदत हवी आहे

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. चार वर्षं झाली, घरूनच एका जर्मन कंपनीसाठी फ्रीलान्स सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. बायकोसह वर्षभर स्पेनला राहून काम करावं असं ठरवलंय. तिकडचा रिमोट कामाचा, म्हणजे डिजिटल नोमॅड व्हिसा २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने आला. त्याला स्टार्टअप कायदा म्हणतात. तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न, पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, ग्राहकाशी निदान तीन महिने जुना करार, पोलीस दाखला, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), हे सगळं जमलं. विम्यावर अडलो.

जळगावच्या एका एजंटकडून प्रवास विमा घेतला होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'शेंगेन' (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि '३०,००० युरो' छापलेलं. एजंट म्हणाले, युरोपला जाणारे सगळे हाच घेतात, डोळे मिटून जा. चोपड्याहून अमळनेर, तिथून रात्री खान्देश एक्स्प्रेसने मुंबई, सकाळी फाइल घेऊन व्हिसाच्या खिडकीवर. तिथल्या ताईंनी बाकीचे कागद भराभर चाळले. विम्याच्या कागदावर मात्र थांबल्या आणि पेन्सिलने तीन ठिकाणी रेघ ओढली. पहिली रेघ 'वजावट १०० डॉलर' या शब्दांखाली, म्हणजे उपचाराचे पहिले शंभर डॉलर आपल्या खिशातून. दुसरी मुदतीखाली, कारण पॉलिसी १८० दिवसांची आणि मला एक वर्ष दाखवायचं होतं. तिसरी कंपनीच्या नावाखाली. "ही कंपनी स्पेनमध्ये विमा विकायला अधिकृत आहे का, ते बघा," एवढंच त्या म्हणाल्या. बोलल्या नीट, कागद परत दिला आणि नवीन तारीख घ्यायला सांगितलं.

घरी आल्यावर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो कागद मागून घेतला. आप्पांची केळी आहे, गेली कित्येक वर्षं हवामानावर आधारित फळपीक विमा भरतात. चष्मा लावून पेन्सिलच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "आपल्या वावरात किती थंडी पडली हे कुणी विचारत नाही. मंडळाच्या हवामान केंद्रावर पारा किती उतरला, तेवढंच मोजतात. तुझं पण तसंच आहे. तुझ्याकडे विमा आहे का, हा त्यांचा प्रश्नच नाही. त्यांच्या मापात बसणारा आहे का, हा प्रश्न आहे. आधी त्यांचं माप वाच."

मी ते आधी वाचलं नव्हतं. आता वाचलं. कायद्यात लिहिलंय की सार्वजनिक आरोग्य विमा हवा, नाहीतर स्पेनमध्ये काम करायला अधिकृत असलेल्या कंपनीचा खासगी विमा हवा. तीस हजार युरोंचा नियम युरोपीय संघाच्या २००९ च्या ८१० क्रमांकाच्या व्हिसा संहितेतला. तो ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसासाठी आहे. आमचा व्हिसाच वेगळ्या जातीचा.

कुणी हे पार पाडलं असेल तर सांगा. दाखल्यावर नेमकं काय लिहिलेलं असावं लागतं? पैसे भारतातून कसे भरायचे? आणि बायकोला थायरॉइडची गोळी चालू आहे, ती लपवायची नाहीये. तिला विमा मिळेल का?

भुसावळ_जंक्शन

मले एक सांगा भो, आयुष्मान कार्ड नाही का चालत? पाच लाखांचं आहे. आणि माझ्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम पण आहे. मी पण विचार करून राह्यलो बाहेर जायचा.

पांझराकाठ

@भुसावळ_जंक्शन, दोन्ही चालणार नाहीत. आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ते आपल्याकडच्या अंगीकृत रुग्णालयांतच. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही बहुतेक वेळा भारतातल्या उपचारांपुरता असतो. परदेशाचं कलम वेगळं जोडलेलं असेल तरच विचार करा, आणि स्पेनच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही.

मी धुळ्यात विम्याचंच काम करतो, म्हणून त्या एजंटाच्या बाजूने एक सांगतो. आमच्याकडे येणारे शंभरातले बहुतेक जण पंधरा दिवसांच्या सहलीचे किंवा मुलाकडे दोन-तीन महिने जाणारे आई-वडील. त्यांना शेंगेनवाला प्रवास विमाच लागतो आणि तो बरोबर असतो. राहण्याच्या परवान्यासाठीचा विमा हा आपल्याकडे विकला जाणारा मालच नाही, म्हणून तो आमच्या तोंडी येत नाही. तरी एजंटाने "कुठला व्हिसा?" एवढं विचारायलाच हवं होतं. मी आता विचारतो, आणि असा कुणी आला तर पॉलिसी न विकता परत पाठवतो.

तापीकाठ, तुमची जुनी पॉलिसी सुरू व्हायची तारीख अजून आली नसेल तर आजच रद्दीचा अर्ज करा. तारखेआधी रद्द केली तर बहुतेक कंपन्या थोडा खर्च कापून पैसे परत देतात. तारीख उलटली की अवघड.

सातपुडा_शहादा

मी शहाद्याची, सध्या वालेन्सियात. दीड वर्षापूर्वी याच वाटेने आले. सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा मराठीत सांगणारं कुणी सापडलं नव्हतं.

आधी कंपनीबद्दल. स्पेनमध्ये विमा आणि पेन्शन निधीचं एक महासंचालनालय आहे, आपल्या इर्डासारखं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारं. अधिकृत विमा कंपन्यांची नोंदवही त्यांच्याकडे असते आणि ती ऑनलाइन पाहता येते. ज्या कंपनीचा विमा घ्याल तिचं नाव तिथे शोधा आणि सापडलेल्या पानाची छापील प्रत दाखल्यामागे जोडा. मला ती कुणी मागितली नव्हती, पण मी जोडली. जगभर फिरणाऱ्यांसाठी म्हणून जे 'नोमॅड विमे' इंटरनेटवर विकतात, त्यांच्यापासून इथे सावध राहा. ते आजारपणात उपयोगी पडतील, पण त्यातले बरेच प्रवास विम्याच्या प्रकारात मोडतात आणि कंपनी स्पेनच्या यादीत असतेच असं नाही.

आता दाखला. पॉलिसी आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पॉलिसी चाळीस पानांची असते, ती कुणी वाचत बसत नाही. कंपनीकडून एक-दोन पानांचं, व्हिसासाठी म्हणून काढलेलं प्रमाणपत्र मागायचं. त्यावर तुमचं नाव पासपोर्टावर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं. माझ्या पहिल्या दाखल्यावर ते गाळलं होतं, मग मी दुरुस्त करून मागवला. पासपोर्ट क्रमांक, विमा सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, संरक्षण पूर्ण स्पेनभर असल्याचा उल्लेख, आणि मग तीन शब्दप्रयोग जे तुम्हाला तोंडपाठ झाले पाहिजेत: 'सिन कोपागोस', 'सिन कारेन्सियास', 'सिन फ्रान्किसिया'. पहिल्याचा अर्थ, डॉक्टरकडे गेल्यावर दर वेळी तुमच्या खिशातून काही भरायचं नाही. दुसऱ्याचा, कुठल्याही उपचारासाठी थांबण्याची मुदत नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण. तिसऱ्याचा, वजावट नाही. तुमच्या कागदावर पहिली पेन्सिल ज्या शंभर डॉलरवर पडली ती हीच. स्पेनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत जे जे मिळतं त्या सगळ्याला हा विमा पुरला पाहिजे, हे त्यामागचं कारण. तिथे रुग्णाला आधी शंभर भर, मग बघतो, असं नसतं.

मृतदेह किंवा रुग्ण मायदेशी परत आणण्याचं संरक्षणही काही ठिकाणी मागतात. लिहायला जड जातं, पण ते दाखल्यात असलेलं बरं. माझ्या आईने तेवढी ओळ वाचली आणि दोन दिवस बोलली नाही. तिला समजावलं की ही ओळ सगळ्यांच्या कागदावर असते.

स्वस्त विमा पाहून भुलू नका. एकाच कंपनीच्या दोन योजना असतात, एक कोपागोवाली आणि एक बिनकोपागोवाली. पहिली स्वस्त आणि संकेतस्थळावर तीच वर दिसते. तेहतिसाव्या वर्षी मला बिनकोपागोवाली महिन्याला साधारण ६० युरोंना पडली.

वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. वहिनींची थायरॉइडची गोळी त्यात लिहा. कंपनी जास्तीची कागदपत्रं मागेल, नकार देईल किंवा तेवढा आजार वगळून विमा देईल. वगळला तर तो उल्लेख दाखल्यावर येणार का, हे लेखी विचारा. न लिहिता विमा घेतला आणि पुढे दवाखान्याची वेळ आली, तर विमा असून नसल्यासारखा.

रावेरची_केळी

सातपुडाताई, फारच उपयोगी. मी पोर्तुगालचा डी८, म्हणजे तिथला रिमोट कामाचा व्हिसा घेतलाय, त्याची गोष्ट निराळी आहे म्हणून सांगतो. तो ३० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला, उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागतं. व्हिसाच्या टप्प्यावर त्यांनी वैध प्रवास विमाच मागितला, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. म्हणजे तापीकाठभाऊंचा परत आलेला कागद पोर्तुगालला बहुधा चालला असता. व्हिसा चार महिन्यांचा, दोन वेळा आत जाता येतं. त्या मुदतीत तिकडे आयमा या खात्याकडे जाऊन राहण्याचा परवाना काढायचा. पुढचा विमा तिथे पोचल्यावर.

म्हणून मित्राने काय केलं ते विचारून विमा घेऊ नका. मित्र कुठल्या देशात, कुठल्या व्हिसावर गेला ते आधी विचारा.

खापराचे_मांडे

भाऊ, मी बी धुयानाच शे. एस्टोनियानं काय शे? मना एक दोस्त जाई ऱ्हायना.

रावेरची_केळी

@खापराचे_मांडे, एस्टोनियाने हा व्हिसा १ ऑगस्ट २०२० ला सुरू केला. तिथे विम्याचं संरक्षण निदान ३०,००० युरो हवं आणि ते मुक्कामाच्या पूर्ण मुदतीला पुरायला हवं. अडचण येते ती मुदतीची. आपल्याकडचे प्रवास विमे बहुधा १८० दिवसांचे. मल्टी-ट्रिप पॉलिसी वर्षाची दिसते, पण आतल्या पानावर एका खेपेला तीस किंवा पंचेचाळीस दिवस असं लिहिलेलं असतं. दोस्ताला ते पान उघडून बघायला सांगा.

दुबईला जाणाऱ्यांसाठीही एक ओळ: तिथल्या रिमोट व्हिसाला महिन्याला ३,५०० डॉलर उत्पन्न आणि अमिरातीत चालणारा आरोग्य विमा लागतो.

तापीकाठ

सातपुडाताई, तुमचं उत्तर छापून भिंतीला लावलंय. आप्पांनी पण वाचलं.

दोन कंपन्यांना ईमेल केले. एकीने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, पण फॉर्म भरताना स्पॅनिश बँकेचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक मागितला. आपल्याकडे कुठून येणार? दुसरीकडे कार्डाने भरायला गेलो तर कार्ड चाललं नाही.

सातपुडा_शहादा

आयबानवर मी पण अडकले होते. तिथे हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून त्यांचा फॉर्म आयबानशिवाय पुढे सरकत नाही. फॉर्म सोडून द्या आणि ईमेलवर लिहा: अजून स्पेनमध्ये खातं नाही, पूर्ण वर्षाचा हप्ता एकदम कार्डाने भरतो, पैसे भरायची लिंक पाठवा. व्हिसासाठी पूर्ण वर्षाची पावती जोडलेली तशीही चांगली. ओळखपत्राच्या जागी तिथला परदेशी नागरिक क्रमांक मागतील, तोही तुमच्याकडे नाही. पासपोर्ट क्रमांक घ्या म्हणून सांगा.

कार्डाचं कारण बहुधा तुमच्याकडेच आहे. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरचे परदेशी व्यवहार बंदच येतात, आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करायचे असतात. मर्यादाही वाढवा. आणि परदेशी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, किती लागतो ते बघून घ्या. दोन जणांचा वर्षाचा हप्ता म्हणजे ती रक्कम थोडी नसते.

हो, आणि पैसे भरण्याआधी एक उत्तर लेखी घ्या: व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील का, आणि कशाच्या आधारावर? माझ्या कंपनीने नकाराचं पत्र दाखवलं तर पूर्ण परत देऊ, असं ईमेलमध्ये लिहून दिलं होतं. ती वेळ आली नाही, पण रात्री झोप लागली.

शिरपूरची_लेक

हा सगळा धागा रात्री जागून वाचला. माझा प्रश्न जरा नाजूक आहे. लग्नाला दोन वर्षं झालीत, तिकडे गेल्यावर मूल होऊ द्यायचा विचार आहे. बाळंतपण विम्यात असतं का? सासूबाईंना हे विचारता येत नाही आणि एजंटला तर नाहीच.

सातपुडा_शहादा

ताई, बरं केलंत विचारलंत. नेहमीच्या स्पॅनिश विम्यात बाळंतपणासाठी काही महिन्यांची थांबण्याची मुदत असते. 'सिन कारेन्सियास' लिहिलेल्या व्हिसा विम्यात ती नसायला हवी. पण काही कंपन्या दाखल्यावर तसं लिहितात आणि आतल्या अटींत बाळंतपण वेगळं काढतात. म्हणून सरळ विचारा: 'पार्तो', म्हणजे प्रसूती, पहिल्या दिवसापासून आहे का? हो किंवा नाही एवढंच उत्तर ईमेलवर मागा. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका.

आणि इथे आल्यावर घाबरू नका. मला पहिल्याच हिवाळ्यात कानाचा भारी त्रास झाला. कंपनीच्या डॉक्टरांच्या यादीतून, इथे तिला 'कुआद्रो मेदिको' म्हणतात, जवळचा दवाखाना शोधला. काउंटरवर कार्ड दाखवलं, त्यांनी ते यंत्रातून फिरवलं, बस. तपासणी झाली, औषधाची चिठ्ठी मिळाली. मी सवयीने पाकीट हातात धरून उभी, आणि त्या बाई म्हणाल्या, झालं, या तुम्ही. औषधाचे पैसे तेवढे दुकानात दिले. त्या दिवशी 'कोपागो नसलेला' म्हणजे काय ते कळलं.

पांझराकाठ

इतकं चांगलं चाललंय, तर एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहितो. ती कुणी विचारत नाही आणि नुकसान मात्र मोठं होतं. बाहेर जाताना इकडचा मेडिक्लेम बंद करू नका.

माझ्याकडचा एक मुलगा दोन वर्षांसाठी बाहेर गेला. आई-वडील आणि तो एकाच फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे पूर्ण कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत होते. आता मला काय गरज म्हणून त्याने नूतनीकरण सोडलं. वर्षभराने वडिलांना हृदयाचा त्रास झाला. नवी पॉलिसी काढावी तर आधीपासूनचा आजार म्हणून पुन्हा थांबण्याची मुदत सुरू. इर्डाच्या २०२४ च्या नियमांनी ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणुकीखेरीज कारणाने, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. पण हे सगळं फक्त सलग चालू ठेवणाऱ्याला. मधे खंड पडला की जमवलेली वर्षं गेली. हप्त्याची तारीख उलटल्यावर भरायला वार्षिक हप्त्याला तीस दिवस मिळतात, महिन्याच्या हप्त्याला पंधरा. तुम्ही स्पेनमध्ये असाल, एसएमएस इकडच्या सिमवर येईल आणि तो कुणी बघणार नाही. जाण्याआधी हप्ता आई-वडिलांच्या खात्याला जोडा किंवा दोन वर्षांचा एकदम भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

आप्पांचा पीकविमा वेळेवर भरला जातो ना? तसाच हा.

तापीकाठ

पांझराकाठ दादा, नमस्कार घ्या. आप्पा-माईंची पॉलिसी माझ्याच खात्यातून जात होती आणि नूतनीकरण नेमकं आम्ही गेल्यावर दुसऱ्या महिन्यात. आज बँकेत जाऊन बदललं.

आता माझी बातमी. एजंटाकडचा जुना विमा रद्द झाला, थोडे पैसे कापून बाकीचे परत आले. स्पेनच्या कंपनीने बायकोच्या थायरॉइडसाठी डॉक्टरांचं पत्र आणि ताजा टीएसएच रिपोर्ट मागितला. चोपड्यात रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट मिळाला, डॉक्टरांनी इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या. आठ दिवस काही उत्तर नाही. ते आठ दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. नवव्या दिवशी दोघांचेही दाखले आले, तिच्या विम्यातून काहीही न वगळता. तीनही शब्द जागेवर आहेत. माझ्या नावातून आप्पांचं नाव गाळलं गेलं होतं, तेवढं दुरुस्त करून घेतलं.

काल पुन्हा मुंबई. खिडकीवर या वेळी दुसरे साहेब होते. त्यांनी दाखला वाचला, नोंदवहीच्या छापील पानावर नजर टाकली आणि फाइलीत लावून टाकला. या व्हिसाचा निर्णय दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावा असा नियम आहे. वाट बघतोय.

@शिरपूरची_लेक, मी कंपनीला जो ईमेल पाठवला त्यात सातपुडाताईंनी सांगितलेले सगळे मुद्दे ओळीने लिहिलेत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. प्रसूतीची ओळ घालून व्यक्तिगत निरोपात पाठवतो. नाव, तारीख तेवढी बदला.

शिरपूरची_लेक

मिळाला दादा. आजच पाठवला. उत्तर आलं की इथेच लिहिते, जसं येईल तसं.